अठ्ठावीस दिवस

शुक्रवार. फहाहीलच्या धक्क्यावरून सहाला निघालो.
जानेवारीतला शमाल वाळू आणि मीठ एकाच मुठीने तोंडावर मारतो.
नाखवा अब्बास चहात वेलची जास्त टाकतो
आणि समुद्राबद्दल कमी बोलतो.
ओहोटी लागलीय. खडकाने पाठ वर काढलीय,
चहूबाजूंनी लाटा खातोय,
आडोसा कसला तो नाहीच.

लहानपणी काकाने पाठीला भोपळा बांधून
विहिरीत ढकललं होतं,
बुडू नये म्हणून.
इथे कमरेला आठ किलो शिसं,
बुडावं म्हणून,
आणि तेही दिनार मोजून भाड्याने.

पाणी पंधरा अंश.
थंडी मानेपाशी शिरते
आणि एकेक मणका मोजत खाली जाते.
रोडेल बोटांनी विचारतो, ठीक?
मी, ठीक.
दात वाजतायत ते त्याला कुठे ऐकू येतंय.

सहा मीटर. कान.
अकरा. पुन्हा कान.
हिरवट गढूळ, हातभर पुढचं दिसेना,
आणि मग, नसावी तिथे भिंत.
गंजाला हात लागला की तो धुरासारखा सुटतो.
हॅच उघडी. टॉर्च आत धरला.
पोती.

सिमेंटची. थरावर थर, रचली तशीच.
ताग केव्हाच कुजून गेला,
पण विणीचा ठसा राहिला, कोपऱ्यांचे कान राहिले,
एकावर तर हमालाच्या आकड्याचा ओरखडा.
दोन पोत्यांच्या फटीतून एक हामूर
दाराशी वसुलीवाला आल्यासारखा बघतोय.

मी आठवडाभर लॅबमध्ये क्यूब फोडतो.
सात दिवसांचा. अठ्ठावीस दिवसांचा.
आकडा यंत्राचा, सही माझी.
इंजिनिअरला एवढंच हवं असतं, पास की फेल.
इथे नमुना न्यायला कुणी आलंच नाही.
कास्टिंगची तारीख माहीत नाही.
क्युरिंग चालू आहे.

कुणाचा तरी जिना होणार होता हा,
किंवा नुसता ओटा.
मी दोन वर्षांच्या करारावर आलो होतो.

रोडेलने गेज डोळ्यांसमोर धरला. सत्तर बार.
निघताना एका पोत्यावर मूठ आपटली, सवयीने.
आवाज भरीव आला.

होडीत अब्बास विचारतो, काय पाहिलं?
माझे ओठ हलत नाहीत,
कपाभोवती बोटं जुळत नाहीत.
रोडेल सांगतो, मासे.