लंघन

कोळंबीचं पोट डोक्यात असतं.
हे मी शिकलो कान थोच्या कॉलेजात,
पण पाहिलं ते बाय न्यानच्या हातात,
विन चाऊच्या खाऱ्या बांधावर, पहाटे चारला,
तिने विजेरी खालून धरली तेव्हा.
पोट डोक्यात, दात पोटात,
आणि पाठीतून शेपटापर्यंत एकच दोरा,
जे खाल्लं ते कुणालाही दिसेल असा.
लपवायला जागाच नाही.

बाय म्हणजे सातवी.
इकडे थोरल्याला दुसरा म्हणतात;
पहिला कुणी नसतोच,
म्हणजे न्यायला आलेल्याला तो सापडत नाही.
तर ती खरी सहावी.
मोजणीत ती मला सुरुवातीपासून
अशी एकाने चुकवत आली आहे.

मी खाद्य विकतो.
पोत्यावर छापलंय : प्रथिनं बेचाळीस टक्के.
आत समुद्रातली बारकी मासळी, ब्राझीलचं सोयाबीन,
थोडी माझी मोटरसायकल,
थोडं माझ्या बायकोचं बाळंतपण.
दात कोरून पोट भरत नाही, त्रिएत,
साहेब म्हणतात,
तिच्या गळ्यात आणखी दहा पोती मार.

दोन तासांपूर्वी सोडलेली चाळण ती वर ओढते.
खाद्य तसंच.
भिजल्या साबुदाण्यासारखं फुगलेलं.
मी म्हणतो, ऑक्सिजन कमी असेल, पंखे वाढव.
मी म्हणतो, लसूण चोळून टाक, भूक लागेल.
मी पुष्कळ म्हणतो.
ती एकेक उचलते आणि वाचते.
तपकिरी दोरा : गोळी खाल्लेली.
काळा : तळाचा गाळ चिवडत बसलेली.
एकीचा तांबूस.
ती जरा थांबते.
हिने बहीण खाल्ली.
पांढरा निघाला असता
तर मी तोंड न दाखवता परत गेलो असतो.
पांढरा नाही. बहुतेकींना दोराच नाही.
काचेच्या सुया, धागा न ओवलेल्या.

मी मायक्रोस्कोप मांडतो,
डोक्यातली ग्रंथी काचेवर चिरडून
तेलाचे थेंब मोजतो. भरपूर आहेत.
"आजार दिसत नाही," मी जाहीर करतो.
तोवर तिने बोटाने दाबून बघितलेलं :
कवच ओल्या कागदासारखं.
पौर्णिमा परवाच झाली. कात टाकतायत.
"कपडे बदलताना जेवतं का कुणी?"

बांधावर तिची गाय बसली आहे
कालचं गवत आज पुन्हा चघळत.
चार कप्पे. घाई कसलीच नाही.
या पोरींना कप्पे नाहीत,
तासाभरात आत, तासाभरात बाहेर,
आणि जे आत गेलंच नाही
ते तळाशी जाऊन बसतं.
बाय न्यान बांबू खुपसते,
टोकाचा गाळ माझ्या नाकाशी धरते.
सडक्या अंड्याचा वास.
"हे तुझं खाद्य," ती म्हणते, न रागावता.
"तळ्यालाही पोट असतं. अपचन झालंय त्याला."

गेल्या हंगामात तिचं तिसरं तळं याच वासाने गेलं.
पोती माझी होती, आग्रह माझा होता.
तिने ते पोटात घातलं,
पैसे हप्त्याहप्त्याने चुकते केले,
वहीत माझ्याच अक्षरात जमा आहेत.
मला ते अजून पचलेलं नाही.

वही उघडतो.
रकाना : आजचं खाद्य, किलो.
खिशात साहेब थरथरतात.
मी शून्य काढतो.
मग ते एकटं बरं दिसेना
म्हणून शेजारी लिहितो : लंघन.

ती वही बघत नाही.
भाताची पेज पुढे सरकवते,
वर इथलाच लाल कांदा, तळून कुरकुरीत.
"आणि तू? रात्री जेवलास का?"

हो म्हणालो.
विजेरी तिने अजून विझवली नव्हती.