दे

डिसेंबरात आमच्याकडे दिवस चार तासांचा.
म्हणून टोमॅटोंना सूर्य विजेचा.
काचघरासाठी मी एक पान लिहिलं:
कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चित्र,
खाली तीन निळ्या, अधोरेखित ओळी.
दिवे लाव. दिवे मालव. पाणी सोड.
ओळीला बोट लागलं की
तळघरातला सर्व्हर जागा व्हायचा,
माझा कोड चालवायचा,
आणि खट्कन रिले पडायचा.
वाटलं, झालं. इतकं सोपं.

जानेवारीत, पहाटे तीनला
टेकडीपलीकडून थोरगिल्सचा फोन:
"सालवोर, तुझं काचघर डोळे मिचकावतंय.
कुणाला खुणावतेस?"
नाइटगाऊनवर बूट चढवून धावले.
लख्ख. काळोख. लख्ख.
वाफ्यांत घोटाभर पाणी.

लॉगमध्ये चोर नव्हता.
कुठल्याशा शोधयंत्राचा बॉट,
दिसेल त्या ओळीला हात लावत चाललेला,
"नुसतं बघतोय हो" म्हणत
दुकानातल्या प्रत्येक लोकरी स्वेटरची
घडी मोडणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.
त्याचं काय चुकलं?
दुव्याला शब्द एकच येतो: दे.
पान दे. चित्र दे. पुन्हा दे.
शंभरदा मागितलं तरी
जगातलं पानही हलू नये, असा करार.
"घे, आणि एवढं कर" म्हणायचं
तर बटण हवं, ओळख हवी,
"नक्की ना?" असं विचारणारं कुणी हवं.
मी "दे"च्या पोटात "घे" लपवला होता.

ओळी पुसल्या, बटणं बसवली, कुलूप घातलं.
मग लॉग उगाच मागे मागे वाचत गेले.
नोव्हेंबरापासून, रोज रात्री नऊला,
एकच पत्ता. गिमली, मॅनिटोबा.
दिवे लाव.
एक मिनिट.
दिवे मालव.
पाण्याला कधीच हात नाही.

आणि मी समजत होते रिले बिघडलाय.
दोनदा बदललासुद्धा.

गिमलीत माझं एकच माणूस, इंग्वेल्दूर.
काचघर विकू म्हणाली, मी नाही म्हणाले,
त्याला नऊ वर्षं झाली.
धाकटी आहे. अंधारात झोपायची नाही.

काल एक ओळ परत लावली,
निळी, अधोरेखित, बिनकुलपाची.
दारापाशी एकच दिवा, चाळीस वॅटचा.
कोड चुकीचा आहे. मला माहीत आहे.
बॉटही येईल, तोही लावून जाईल.

लावू दे.