जिना

"जिन्यावरनं पडली वं," आई म्हणाली.
सीपीआरचा अपघात विभाग, संध्याकाळचे पावणेआठ.
मी विचारलं, किती पायऱ्या?
तिनं मोजायला वर बघितलं, पंख्याकडं,
आणि म्हणाली, "धा-बारा असत्याल की."

केसपेपरवर पत्ता मीच लिहिला होता पाच मिनिटांपूर्वी:
शिरोली, फौंड्रीच्या मागं, पत्र्याची खोली.

नाव ईश्वरी. वय सहा. वजन चौदा किलो.
डावा पाय सुजलेला. पैंजण काढून खिशात ठेवलं, एक्स-रेला पाठवलं.
त्याआधी फ्रॉक वर केला
तर पाठीला निळं, कुशीला हिरवट, मांडीला पिवळं.
रंगावरनं तारीख सांगू नका, असं ट्रेनिंगच्या बाईंनी बजावलं होतं.
बरं, नाही सांगत.
पण एकदाच पडलेलं पोर
तीन रंगांत पडत नाही.
आणि कानामागं तर कुणीच पडत नाही.

बाप दाराशी. कंपनीची निळी पँट, भुवईत काजळी.
राक्षस दिसेल म्हणून मी नीट बघितलं,
झोप न झालेला माणूस दिसला.
"नाइटला असतोय मी, ताई. दिवसा जरा डोळा लागाय लागला की
हिचं घरभर छुमछुम."
एवढंच बोलला.
आणि बोलून गेलो, हे त्याचं त्यालाच कळलं.

डॉक्टर नवे आहेत, मिरजेचे, चांगले आहेत.
म्हणाले, हुजरे सिस्टर, प्लास्टर घालून सोडू,
कोर्टाच्या तारखा कुठं खात बसता?
चौदा महिने राहिलेत तुमचे.
मायेनंच म्हणाले.

त्यांना मी सांगितलं नाही,
गडहिंग्लजला असताना एक पोरगा आला होता.
तळहातावर उदबत्तीएवढे सात डाग.
आजी म्हणाली, दृष्ट काढताना भाजलं.
मी मलम लावलं. आजीला चहा पाजला.
तो परत आला नाही.
बरा झाला म्हणून आला नाही, की
एवढ्यावर मी अकरा वर्षं थांबते, पुढं जात नाही.

कायदा खात्री मागत नाही, शंका मागतो.
भेंडी घेताना शेंडा मोडून बघतो, तेवढी.
खरं-खोटं करणारे दुसरे आहेत, त्यांना खुर्च्या आहेत.
माझ्याकडं पेन, तेही टेबलाला दोरीनं बांधलेलं.
दोरी पुरेल तेवढं लिहायचं.

लिहिलं.
आई सांगते: जिन्यावरून पडली.
मुलीला विचारलं: बोलली नाही. माझ्या बिल्ल्याशी खेळली.
मग खुणा, बाहुलीएवढ्या चित्रावर,
एकदा समोरून, एकदा पाठीमागून.
पाठीमागच्या बाहुलीवर जागा कमी पडली.

डॉक्टरांनी वाचलं. चष्मा पुसला. सही केली.
खाली चौकीत कळवलं, मग फोन लावला
दहा, नऊ, आठ.
जिना उतरल्यासारखा नंबर.

आई माझ्या अंगावर आली नाही. बरं झालं असतं आली असती तर.
हळूच म्हणाली, "आता घर कुणाच्या पगारावर चालवू, सिस्टर?"
रजिस्टरात याचा रकाना नाही.
माझ्याकडंही नव्हता.

केएमटीत बसल्यावर खिशात हात गेला.
पैंजण. हुपरीचं काम, जुनं, बहुतेक आईच्या माहेरचं.
हलवलं.
वाजेना.
पुन्हा हलवलं, खिडकीच्या उजेडात धरलं,
एकेका घुंगरात मेण भरलेलं,
बारीक, निगुतीनं, एकही न चुकवता.

पापाच्या तिकटीला उतरले आणि चालत परत गेले.
नाइटची सिस्टर म्हणाली, सकाळी लिहिलं असतं तरी चाललं असतं.
मी दोरी ओढून पेन घेतलं.
पैंजण एक, चांदीचं. घुंगरं सोळा. आत मेण.
कुणाच्या हातचं, ते लिहिलं नाही.