हात वर

लिएपायाच्या बंदरात मी क्रेन चालवतो,
धक्क्यापासून चाळीस मीटर वर, काचेच्या खोलीत.
बाल्टिकचा वारा सुटला की खोली डुलते
आणि मी थर्मासमधली कॉफी ओततो, थेंब न सांडता.

तोच मी, अकरा महिने
एका बाजूनं जेवलो.
राईचा पाव दुधात बुडवून.
बिरूताला म्हटलं, असाच आवडतो हल्ली.

दोनदा दवाखान्याची वेळ घेतली,
दोनदा दारावरची पाटी वाचून
(पाटी मला पाठ आहे)
समोरच्या दुकानात शिरलो, खिळे घेतले.
"काय बांधतोयस," बिरूता म्हणाली, "जहाज?"

भीतीला वास असतो.
माझ्या भीतीला लवंगेचा.
नाताळात ओव्हनमधून बिस्किटांचा दरवळ उठला
की मी अंगणात जातो, लाकडं फोडायला.
फोडून झालेली असली तरी.

आडनाव झ्विर्ग्झ्ड्स. आमच्या भाषेत खडा,
घासातून दाताखाली येतो तसला.
शाळेच्या यादीत शेवटचं.
वर्गातून एकेकाला तिसऱ्या मजल्यावर नेत
आणि सव्वीस जणांना मी गाल धरून परतताना पाहिलं.
मग मी. नऊ वर्षांचा.
पट्ट्यावर फिरणारं ड्रिल, लवंगेच्या तेलाची बाटली,
खिडकीत एक जिरॅनियम.
दुखलं तेव्हा मी हात वर केला,
वर्गात करतात तसा, नीट, कोपर सरळ ठेवून.
नर्सनं तो खाली घेतला
आणि माझ्याच मांडीखाली दाबून ठेवला.

परवा गेलो. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता,
खिळे घ्यायला उभं राहवेना.
डॉक्टर एव्हिया माझ्या मुलीहून लहान.
खुर्ची तिनं आडवी केलीच नाही आधी.
"भीती कशाची? सुईची, आवाजाची, की माझी?"
भीतीचे असे तुकडे मला कुणी मागितले नव्हते.
बराच वेळ दातखीळ बसल्यासारखा बसलो.
"हाताची," म्हणालो.
"कुणाच्या?"
"माझ्या."
मग ते सगळं सांगितलं, जिरॅनियमसकट.

ती म्हणाली, "डावा हात वर करा, मी थांबेन."

ही भाषा मला येते.
धक्क्यावर क्रेन एकाच माणसाच्या खुणा पाळते,
पण थांबण्याची खूण कुणीही करावी:
खलाशानं, झाडूवाल्यानं, वाट चुकलेल्या पोरानं.
हात दिसला की दांडा ओढायचा,
का ते नंतर विचारायचं.
एकतीस वर्षं मी लोकांचे हात पाळले.

सुई टोचली. ओठ परका झाला.
ड्रिल सुरू झालं. दुखलं नाही, खरंच सांगतो,
तरी मी हात वर केला.

ड्रिल थांबलं.
बाहेर कालव्यावर एक कुरव ओरडला.
तिनं काही विचारलं नाही,
हात मांडीवर ठेवून बसून राहिली.
मी हात खाली घेतला. पुन्हा वर केला.
पुन्हा थांबलं.
असं चार वेळा.
चाळीस सेंटीमीटर असेल मांडीपासून खांद्यापर्यंत,
माझ्या हाताला पोचायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

गुरुवारी परत बोलावलंय.
पोटात गोळा आहेच, शर्ट आत्ताच ओला.
घरात खिळे डबाभर.
तोवर भोरड्यांसाठी एखादं खोकं ठोकावं म्हणतो,
बर्चच्या झाडावर,
फार उंच नको.