सातत्याची वही

माझं नाव पडद्यावर सगळ्यात शेवटी येतं,
तोवर लोक उठून भांडी विसळायला लागलेले असतात.
काम एवढंच: काल ग्लासात दूध तीन बोटं होतं
तर आजही तीनच बोटं हवं,
मधे रात्र गेली असली तरी,
मधे कुणी मेलं असलं तरी.

चौसष्ट साली, बरबँकच्या सहा नंबरच्या स्टेजवर
टॉबिन लसिटर सात वर्षांचा, मी बावीसची.
त्याच्या पायांसाठी जमिनीवर हिरवी पट्टी.
खाली न बघता तो नेमका तिच्यावर येऊन थांबायचा,
अंधारात मांजराला पायरी कळते तसा.
कोपऱ्यात मिस ऑर्टेगा, मांडीवर घड्याळ:
चार तास काम, तीन तास शाळा, असा कायदा.
पण हाक आली की उठावंच लागे,
आणि सात आठे
तिथेच अर्धे राहत.

तिसऱ्या वर्षी त्याचा दात पडला.
वरचा, डावा, समोरचा.
गुरुवारी तो दातासकट दारापर्यंत आला होता,
शुक्रवारी त्याच दारातून आत यायचं होतं.
माझ्या वहीत स्वच्छ अक्षरात: दात, आहे.
म्हणून मीच बोट दाखवलं. दुसऱ्या कुणी नाही.
दुपारपर्यंत तारेवर बसवलेला नवा दात आला.
जेवताना तो काढून रुमालात ठेवायचा;
दाखवायचे वेगळे, खायचे वेगळे,
हत्तीला निदान ते जन्माबरोबर मिळतात.
तो भाग लागला तेव्हा घरोघरी लोक दात काढून हसले.
त्याच्या उशीखाली कुणी नाणं ठेवलं का, माहीत नाही.
तसला रकाना माझ्या वहीत नव्हता.

आवाज फुटला आणि मालिका बंद झाली.
मग रेसीडाच्या दुकानात त्यानं गालिचे विकले.
गिऱ्हाइकं म्हणायची, ते वाक्य म्हण ना एकदा.
तो म्हणायचा. गालिचा खपायचा.
मग केबली गुंडाळल्या, कॉफी आणली,
दुसऱ्यांच्या पट्ट्या जमिनीवर चिकटवल्या,
गुडघ्यांवर बसून, कितीतरी वर्षं.
पुढे दिग्दर्शक. पुढे स्वतःचीच कंपनी,
कर्जावर घेतलेली, एक खोली आणि एक फॅक्स.
मला फोन केला तेव्हा म्हणाला,
"आर्डिस, तुझी वही अजून आहे?"

आणि परवा, इमानीचा दात सफरचंदात राहिला.
आठ वर्षांची पोर, सफरचंदाकडे बघत उभी.
मेकअपवाल्यानं पेटी उघडली.
मी वही उघडली, घसा साफ केला,
चाळीस वर्षांची सवय.
टॉबिननं माझ्याकडे न बघता हात वर केला.
जमिनीवर बसला, म्हणाला, बघू.
तिनं दाखवला. रक्ताचा एक ठिपका होता.
बराच वेळ बघितला त्यानं.

वाहिनीच्या माणसापुढे फोनवर दातांच्या कण्या केल्या.
दोन प्रसंग पुन्हा, एक दिवस जास्त,
आणि पैसे आता ज्याच्या खिशातून जाणार
तो निर्माता पार्किंगमध्ये एकटाच
दिग्दर्शकावर ओरडत होता.
खिडकीतून मला फक्त हात दिसले.

दाराचा प्रसंग नव्याने घेतला.
इमानीचा प्रत्येक 'स' शिट्टीसारखा वाजला,
साउंडवाल्यानं तोंड वाकडं केलं,
टॉबिन म्हणाला, राहू दे.
मग तिची शिक्षिका उठली, घड्याळ दाखवलं,
आणि ती गणिताला निघून गेली,
मागे वळूनसुद्धा न बघता.

मी लिहिलं: दात, नाही.
त्यानं वही मागितली. वाचली. परत दिली.
"दूध किती होतं?"
तीन बोटं, मी म्हणाले.