दोन नंबरची टीम

मी चुना मारतो.
आधी खाणीच्या पगारावर मारायचो, आता फुकट.
रेष तेव्हाही वाकडी यायची पूर्वेच्या कोपऱ्यात,
मुरूम वर आलाय तिथं.

सालईटोल्याला मैदान कंपनीनं दिलं.
मँगनीजचा उरलेला चुरा पसरला, वर रोलर फिरवला.
तो रोलर अजून तिथंच, शेळ्या टेकतात त्याला.
पडलं की गुडघ्यात काळं शिरायचं.
चैतराम पटल्याच्या डाव्या गुडघ्यात आहे अजून,
नातवांना दाखवतो, दाबून पाहू देतो.

पहिल्या पाळीचा गोलकीपर, दुसऱ्या पाळीचे बॅक,
अन् रात्रपाळीचा सुखदास टेकाम,
डोळे चोळत यायचा,
मग उजव्या बाजूनं असा सुटायचा
जसा भोंगा फक्त त्यालाच ऐकू आला.
मॅचच्या दिवशी हजेरीबुकात 'खेळ' लिहायचो मी.
पगार कापत नसत.

नाकाओ साहेब त्याच सुमाराला आले.
माल त्यांच्या देशात जायचा, तो तपासायला.
दोन महिने वरणभात खाल्ला,
संध्याकाळी रेषेबाहेर उकिडवे बसले, आमच्यासारखेच.
एकदा खुणा करत, मोडक्या हिंदीत सांगितलं:
त्यांच्या गावची टीमही कारखान्याची होती.
पोरं दिवसा नट आवळायची, संध्याकाळी बॉल.
मग कारखान्यानं हात काढून घेतला.
"फिर?" सुखदासनं विचारलं.
"फिर नदी का नाम रखा."
अन् बशीत चहा ओतला, नुकताच शिकले होते.

दोन नंबर बंद झाली तेव्हा कोणी रडलं नाही.
भोंगा नाही म्हणून
लोक आठ दिवस भलत्याच वेळी जेवले.
नवव्या दिवशी तिरोड्याला मॅच होती.
जर्सी अकरा, पाठीवर कंपनीचं नाव.
दुलीचंद म्हणे, "ज्यानं आपल्याले सोडलं
त्याचं नाव काहून वागवाचं बे पाठीवर?"
सुखदास बुटाची नाडी बांधत होता.
बांधली, सोडली, परत बांधली.
"बावनथडी," म्हणाला.

ललिता मेश्रामनं ब्लेडनं धागे उसवले.
अक्षरं निघाली, पण
कापड होतं उन्हानं विटलेलं
अन् अक्षरांखालचं तेवढं निळंच्या निळं.
काढलेलं नाव आधीपेक्षा ठळक दिसू लागलं.
त्यावर तिनं पिवळ्या दोऱ्यानं नदी शिवली.
नदीची अक्षरं पाच, कंपनीची नऊ.
उरलेली चार दोन्हीकडून डोकावत राहिली,
तशीच घालून गेलो.
तीन-शून्यनं हरलो.
तिरोड्याचे लोक विचारत होते, हे बावनथडी कोन?

आता सुखदासची नात खेळते, उजव्या बाजूनंच.
जर्सी नवी आहे, नायलॉनची, तिच्यात काही लपलेलं नाही.
खाणीत पाणी भरलंय, हिरवं, किती खोल ते
फक्त मेलेल्या नकाशांना ठाऊक.
बॉल गेला तिकडं की मॅच थांबते.
उतरायचं नाही हा एकच नियम, गावानं केलेला.
दोन्ही टीमा काठावर बसून
वारा फिरायची वाट पाहतात.
रेफरी घड्याळ काढून खिशात ठेवतो.
पोट्टे पाहुण्यांना कुरमुरे देतात.
बॉल मधोमध, हलत नाही, मग थोडा हलतो.

मी चुन्याचं घमेलं घेऊन उठतो.
"बस ना बुढ्या," नात ओरडते, "येऊन राह्यला तो."