पावणेपंधरा

मॅट निघते ती ऊस सोलल्यासारखी.
आधी कोपरा दाद देत नाही,
मग एकदा धारेला लागली की
हातभर, दोन हात,
आणि मध्येच तुटते.

शीतल कढत पाणी ओततो,
मी उलथन्यानं खरवडते.
देताना आईनं बजावलंय,
हे आता परत तव्याला लागायचं नाही,
नवीन आणून द्यायचं.

एकोणीस वर्षांची मॅट.
वर लाकडाच्या फळ्या, छापलेल्या,
दर तीन फुटांवर तीच गाठ, तोच डोळा.
लहानपणी मी त्या डोळ्यांवर पाय देत नसे.
कपाटाखाली अजून नवीकोरी.
ओट्यापुढं मात्र फळ्या पुसून गेलेल्या,
दोनच पावलांएवढ्या,
आईच्या.

आणि मागच्या दाराशी ती पट्टी.
नऊ इंच रुंद, काळेपांढरे चौकोन,
नदाफांच्या सलूनातला उरलेला तुकडा.
कारण आप्पांचं माप चुकलं होतं.
सांगलीच्या मार्केट यार्डात उभा जन्म हळद तोलणारा माणूस,
ज्याच्या काट्यावर अडते न बघता सही करत,
तो स्वतःची खोली नऊ इंच कमी मोजून
गणपती पेठेतून गुंडाळी खांद्यावर घेऊन आला.
हे आमच्या घरचं हक्काचं हसू.
पाहुणा आला की आत्या सुरू.
माझ्या नवऱ्याला तर पहिल्या दिवाळीतच नेऊन दाखवलं,
आणि आप्पाच पुढं होऊन,
'आम्ही पोती मोजावी, खोल्या नव्हं.'

पट्टी सहज निघाली.
खाली हळद.
सांध्यातून वर्षानुवर्षं झिरपलेली,
दारात पाय धुऊनसुद्धा
रोज चिमूटभर आत आलेली,
एक पिवळी रेघ, उंबऱ्याला धरून.
आणि रेघेपलीकडं, कोब्यावर, पेन्सिल.

१४॥।

'चौदा,' शीतल म्हणाला, 'आणि ह्या कसल्या काड्या?'
आई गुडघ्यावर हात टेकून वाकली.
बराच वेळ वाकलेलीच राहिली.
'पावणेपंधरा,' म्हणाली.

खाली भाव.
भावाखाली गुणाकार.
त्यातून काहीतरी वजा,
ते पुसून पुन्हा वजा,
मग दोन रेघा,
आणि रेघांखाली नुसतेच १४,
भोवती गोल.

मी हिशोब करायला घेतला आणि सोडून दिला.
त्याच जूनमध्ये शीतलला पहिला चष्मा लागला होता
एवढं आठवलं.
तो पातेलं धरून तसाच उभा,
ओतावं की नाही,
वाफ दोन्ही काचांवर.

संध्याकाळी आप्पा आमराईतून फिरून आले.
चपला काढता काढता आत बघितलं.
'निघालं सगळं?'
'डिंक राहिलाय थोडा.'
'फरशीवाल्याला माप नीट घ्यायला सांगा.
माझ्यासारखं नको.'
आणि हसले, नेहमीएवढंच.
आईसुद्धा हसली.
शीतल म्हणाला, 'व्हय, आप्पा.'

बादली आम्ही दुपारीच
त्या आकड्यावर सरकवून ठेवली होती.